तेरावी मात्रा

चि. भाच्यास,

पत्र पावले, मजकूर समजला. ‘द स्ट्रँग्लर्स’ हा इंग्लंडमधील बँड आजही तोच मानावा की त्याच्या नावावर चालणारी दुसरीच मंडळी मानावी, आणि त्याच्या जुन्या बदनामीचे आता काय करावे, हे पत्रातील दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी त्या बँडचे चाहते ज्या वादात वर्षानुवर्षे गुंतले आहेत त्याचीच ती दोन टोके आहेत; म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे योग्य ठरेल.

या वादाचे मूळ बँडच्या जन्मातच आहे. पंक म्हणजे १९७६-७७च्या सुमारास ब्रिटनमध्ये उसळलेली रॉक संगीताची ती लाट, जिने लांबलचक वादन आणि बड्या कलाकारांचा थाटमाट झुगारून, मोजक्या स्वरसमूहांवर बेतलेले वेगवान व खरखरीत गाणे हेच तरुणांचे खरे गाणे मानले. स्ट्रँग्लर्स मात्र त्या लाटेच्या दोन वर्षे आधी, १९७४मध्ये, लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या गिल्डफर्ड गावात उभा राहिला होता, आणि त्यातील माणसे पंकच्या चौकटीत बसण्यासारखी नव्हती. ड्रमवादक जेट ब्लॅक हा दारूचे दुकान आणि आइस्क्रीमच्या गाड्या चालवलेला व्यावसायिक असून पहिला अल्बम निघाला तेव्हा त्याचे वय अडतीस होते. गायक व गिटारवादक ह्यू कॉर्नवेल जीवरसायनशास्त्र शिकून स्वीडनमधील लुंड येथे काम करून आला होता. बेसवादक ज्याँ-ज्याक बर्नेल हा फ्रेंच आईवडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेला, अभिजात गिटार शिकलेला आणि कराटेची साधना करणारा तरुण होता. आणि १९७५मध्ये सामील झालेला मिशाळ डेव्ह ग्रीनफील्ड तर पंकवाल्यांनी जवळजवळ बाद ठरवलेले कीबोर्ड हे वाद्य वाजवत होता. ४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाउसमध्ये ‘रामोन्स’ या अमेरिकी बँडच्या आधी हेच चौघे वाजवत होते, म्हणजे रंगमंच आणि श्रोते पंकचेच होते. तरीही हे खरे पंक की संधी साधून त्या गर्दीत शिरलेले जुने रॉकवाले, ही शंका तेव्हापासून त्यांच्या पाठीस लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

ही शंका फिटण्यासाठी नाममुद्रा बाजूला ठेवून नाद ऐकावा लागतो. सामान्य रॉक बँडमध्ये बेस, म्हणजे खर्जाचे स्वर देणारी चार तारांची गिटार, ड्रमच्या जोडीने पाया धरते आणि चाल वरच्या गिटारकडे किंवा गळ्याकडे असते. स्ट्रँग्लर्समध्ये ही वाटणी उलटली, कारण बर्नेलचा बेस करकरीत, जणू फाटलेल्या आवाजात पुढे येतो आणि चाल स्वतःच उचलतो. १९७७च्या ‘पीचेस’ या गाण्याची ओळख ऐकणाऱ्याला शब्दांच्या आधी बेसवरूनच पटते. त्याच्या वर ग्रीनफील्डचे कीबोर्ड अर्पेजिओ, म्हणजे स्वरसमूहातील स्वर एकदम न दाबता एकामागून एक सोडण्याची पद्धत, झरझर फिरवत राहते, आणि कॉर्नवेलची गिटार या दोघांमधल्या फटींत मोजके, टोकदार स्वर टाकते. निर्माता मार्टिन रशंट याच्या हाताखाली एप्रिल १९७७ ते मे १९७८ या काळात निघालेल्या ‘रॅटस नॉर्वेजिकस’, ‘नो मोअर हीरोज’ आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या तीन अल्बमांत हा नाद पक्का झाला, आणि ती गाणी कोणा एकाच्या नावावर न लावता चौघांच्या सामायिक श्रेयाने नोंदवली गेली, ही बाब पुढील सर्व वादाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

या सामायिकपणाचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे जानेवारी १९८२मध्ये एकल तबकडी म्हणून आलेले ‘गोल्डन ब्राउन’. त्याचे संगीत ग्रीनफील्ड व ब्लॅक यांच्याकडून आले आणि शब्द कॉर्नवेलने दिले. हेरॉइन आणि एक तरुणी असा त्या शब्दांचा दुहेरी रोखही त्यानेच सांगितला आहे. गाणे उघडते ते हार्पसिकॉर्डच्या, म्हणजे पट्टी दाबताच आतली तार छेडली जाणाऱ्या पियानोपूर्व वाद्याच्या, झंकाराने, आणि तेथेच मात्रांची गंमत आहे. तीन मात्रांचे तीन खंड होतात आणि चौथा खंड चार मात्रांचा येतो, त्यामुळे आवर्तन बाराऐवजी तेरा मात्रांचे होते. तीनच्या झोक्याला मान सरावते न सरावते तोच एक मात्रा जादा पडते, सम क्षणभर लांबते, आणि ऐकणाऱ्याला आपलेच मोजणे चुकल्यासारखे वाटत असताना आवर्तन पुन्हा सुरळीत फिरू लागते. ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत हे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, बँडच्या कोणत्याही एकल गाण्याने गाठलेली ती सर्वोच्च जागा होय, आणि त्याच दिवसापासून चाहत्यांत फूट पडली. पहिल्या तीन अल्बमांच्या दणक्यावर वाढलेल्यांना हा मवाळपणा वाटला, तर इतरांना येथेच बँड स्वतःच्या उंचीस पोहोचला असे वाटले. वास्तविक ती जादा मात्रा घालण्याचे धाडस आणि बेसला चाल देण्याचे धाडस ही एकाच हट्टाची दोन रूपे आहेत, आणि हे लक्षात घेतले तर दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर प्रेम करीत असल्याचे दिसते.

बदनामीच्या बाबतीत मात्र इतका समन्वय करता येत नाही आणि करूही नये. ‘पीचेस’ हे समुद्रकिनाऱ्यावर बायकांकडे रोखून पाहणाऱ्या पुरुषाचे स्वगत आहे, सप्टेंबर १९७८मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमधील मैफलीत वस्त्रे उतरवणाऱ्या नर्तकी रंगमंचावर आणल्या गेल्या, आणि टीका करणाऱ्या पत्रकारांशी झालेले तंटे मारहाणीपर्यंत गेले. यावर चाहते तीन प्रकारचे समर्थन करतात: गाण्यातला बोलणारा हा कवीहून वेगळा असतो, तो उपहास होता, आणि काळच तसा होता. पहिल्या दोन मुद्द्यांत थोडे तथ्य आहे, कारण गाण्यातील पात्राचे बोल गायकाच्या माथी मारणे हा वाचनाचा दोष ठरतो. परंतु तिसरा मुद्दा टिकत नाही, कारण त्याच शहरात, त्याच वर्षांत ‘एक्स-रे स्पेक्स’ या बँडची पॉली स्टायरीन आणि ‘द स्लिट्स’ या बँडच्या मुली बाईला वस्तू मानणाऱ्या नजरेलाच आव्हान देत गात होत्या. काळात दोन्ही वाटा खुल्या होत्या आणि स्ट्रँग्लर्सनी त्यातील एक निवडली, हे त्यांच्या संगीतावर जीव असलेल्यानेच सर्वांत आधी म्हणावे, कारण परक्याच्या तोंडी तो आरोप ठरतो आणि आपल्या माणसाच्या तोंडी ती साक्ष ठरते.

आता नावाचा प्रश्न. ऑगस्ट १९९०मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथील मैफलीनंतर कॉर्नवेल बँड सोडून गेला. त्याच्या जागी गायक पॉल रॉबर्ट्स आणि गिटारवादक जॉन एलिस आले, २००० मध्ये एलिसच्या जागी बॅझ वॉर्न आला, आणि २००६मध्ये रॉबर्ट्स गेल्यावर वॉर्न व बर्नेल यांनी गाण्याची जबाबदारी वाटून घेतली. चाहते यंत्रांच्या आवृत्त्या मोजाव्यात तशी या पर्वांची ‘मार्क वन’, ‘मार्क टू’ अशी मोजदाद करतात, आणि कित्येकांच्या मते पहिल्या पर्वानंतर उरले ते केवळ नाव. पुढे ३ मे २०२० रोजी कोविडने ग्रीनफील्डचा मृत्यू झाला, डिसेंबर २०२२मध्ये ब्लॅक वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेला, आणि जुन्या चौघांपैकी बँडमध्ये एकटा बर्नेल उरला, तर कॉर्नवेल स्वतःच्या मैफलींत तीच जुनी गाणी गातो. म्हणजे नाव एकीकडे आणि मूळ आवाज दुसरीकडे अशी वाटणी झाली आहे. ग्रीनफील्डचे शेवटचे वादन असलेला ‘डार्क मॅटर्स’ हा अल्बम सप्टेंबर २०२१मध्ये ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला, आणि १९७७चा पहिला अल्बमही चौथ्याच क्रमांकावर पोहोचला होता; या योगायोगाने नव्या पर्वाच्या समर्थकांना आनंद झाला तरी त्याने सिद्ध काहीच होत नाही, कारण बँडचे सातत्य खपाने ठरत नाही, तसेच ते हयात सदस्यांच्या शिरगणतीनेही ठरत नाही.

सातत्य ठरते ते वाद्यांमधील नात्याने. जी गाणी चौघांच्या सामायिक श्रेयाने नोंदली गेली, ती एका गायकाबरोबर निघून गेली असे म्हणणे त्या चौघांच्याच कराराशी विसंगत आहे; आणि बेस जोवर चाल उचलतो व कीबोर्ड जोवर तिच्यावर फिरते, तोवर या बँडला त्याचे नाव शोभते. त्याच न्यायाने हेही मान्य करावे लागते, की ग्रीनफील्डची बोटे गेल्यानंतर ते नाते आता दुसऱ्याच्या हातून सांभाळले जात आहे, आणि ही परंपरा आहे, पुनर्जन्म नव्हे. नाव जर वारशाने पुढे जात असेल, तर बॅटरसी पार्कही त्याच वारशात येते. मालमत्ता घ्यावी आणि कर्ज नाकारावे, असा वारसा कोणत्याही घरात चालत नाही.

‘गोल्डन ब्राउन’ची सुरुवात बारा मात्रांत बसवली तर ती मोजायला सोपी होईल आणि ऐकण्याजोगी उरणार नाही. जुन्या पर्वाचा अभिमानी नवे पर्व खोडतो आणि नव्या पर्वाचा अभिमानी जुने पाप खोडतो, तेव्हा दोघेही ती तेरावी मात्रा काढूनच टाकतात. ती मोजत, अडखळत ऐकावे, एवढेच त्या पत्रातील प्रश्नांचे उत्तर.



— मामा