पॉवर बँक कुठल्या बॅगेत?

दिवाळीला घरी निघालेल्या प्रत्येकाच्या सामानात इथून मागवलेली एखादी तरी वस्तू असतेच. पूर्वी केशर, बदाम, टँगचा डबा; आता "मामा, येताना चांगली पॉवर बँक आण." आमच्या पुण्याच्या भाच्यांची यादी तिथूनच सुरू होते. वजनाची कसरत करताना ती मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत सरकवायचा मोह तुम्हालाही होत असेल. तेवढं मात्र करू नका.

लिथियम-आयन बॅटरीतला एखादा सेल चेपला किंवा मुळातच सदोष असला, की आत शॉर्ट सर्किट होऊन तो तापतो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. विमानाच्या पोटातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण तापलेले सेल थंड करत नाही. केबिनमध्ये निदान कुणाला तरी धूर दिसतो, पाणी ओतता येतं.

3 सप्टेंबर 2010 ची घटना तर आपल्या दुबईतलीच. यूपीएसचं मालवाहू 747 इथून जर्मनीतल्या कोलोनला निघालं होतं. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या. बहारीनजवळ आगीचा इशारा वाजला, वैमानिक दुबईकडे वळले. कॉकपिटमध्ये इतका धूर, की समोरची यंत्रंही दिसेनात. विमान नाद अल शेबाजवळ कोसळलं, दोघेही वैमानिक गेले. 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून अशा सुट्या बॅटऱ्या माल म्हणून न्यायला बंदी आहे.

आता थोडं गणित. (आमची लेक म्हणते, "बाबा, झालं तुमचं सुरू!") पॉवर बँकेवरचा एमएएचचा आकडा गुणिले 3.7, भागिले 1000, म्हणजे वॅट-अवर. 20,000 ची झाली 74. शंभरपर्यंत हातातल्या बॅगेत चालते. 30,000 ची 111 होते. तिला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि एमिरेट्समध्ये तर ती चालतच नाही. तिथे 1 ऑक्टोबर 2025 पासून माणशी एकच, शंभराच्या आतली; विमानात वापरायची नाही आणि डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवायची नाही.

फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करू नका, बेल दाबा. चेपलेला फोनही पेटतो. आणि घरातली जुनी, फुगलेली पॉवर बँक "तिकडे कुणाला तरी होईल" म्हणून बरोबर घेऊ नका. भाच्याला नवीच न्या.