शनीची दोन घरं

दिवाळीत जठारपेठेतल्या घरी माळा आवरताना आत्याची पत्रिका सापडली. आजोबांच्या हातची. जन्म 1965, कर्क लग्न, आणि खाली उजवीकडच्या त्रिकोणात 11 आकड्याशेजारी एकटा 'श'.

या 'श'ने आमच्याकडे काय रामायण घडवलं म्हणून सांगू!

पत्रिकेतले आकडे घरांचे नसतात, राशींचे असतात, हे आजोबांनीच मला शिकवलं. घरात जी रास, तिचा स्वामी तो घरमालक. चंद्राची एकटी कर्क, सूर्याची एकटी सिंह. तिथून दोन्हीकडे सारखं चालत जायचं.. मिथुन-कन्या बुधाच्या, वृषभ-तूळ शुक्राच्या, मेष-वृश्चिक मंगळाच्या, मीन-धनू गुरूच्या आणि शेवटी कुंभ-मकर शनीच्या. ग्रह जितका हळू, त्याची घरं तितकी लांब. (राहू-केतू आपले भाडेकरू!)

तर कर्क लग्नाला सातवं घर मकरेचं, आठवं कुंभेचं. दोन्हींचा मालक शनीच. 1988 साली एका स्थळाने कळवलं, "सप्तमेश अष्टमात आहे, जमत नाही." आजोबा दिवसभर येरझाऱ्या घालत होते म्हणे. "बाप्पा, मालक आपल्याच दुसऱ्या घरात जाऊन राहिला, तर कोणाचं काय बिघडून राहिलं?"

पण आठवं घर म्हटलं की लोक बिचकतात. कुणीतरी सुचवलं, जन्मवेळ अर्धा तास पुढे घ्या. कर्क लग्न संपतच आलं होतं. सिंह लागलं की तोच शनी, त्याच कुंभेत, पण सातव्यात! आजोबा नाही म्हणाले. पुढची दोन-तीन स्थळंही तशीच गेली. मग आत्याच नको म्हणाली.

माझा यावर विश्वास नाही. 2008 साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगितलं. 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. तरीही त्या अर्ध्या तासाचा मला राग येतो. नियम आजोबांनी पाळला, किंमत आत्याने मोजली.

असो. संध्याकाळी तिला कागद दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली.

"बाबांचं अक्षर किती सुरेख होतं, नाही?"

मी कागद उलटला. मागे पेन्सिलने काढलेली आणखी एक कुंडली. वरच्या घरात 5. सिंह लग्न! सगळी मांडलेली, आणि मग आडव्या रेघा मारून खोडलेली.

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "ठेव ते जागेवर."