फोन कुणाला लावायचा?

औंधच्या एका पतसंस्थेत मी संगणकाचं काम बघायचो. सर्व्हरवर डेबियन लिनक्स होतं. फुकट होतं आणि मला येत होतं, एवढंच कारण. २००६ साली ओरॅकलची मोफत १०जी एक्सई आवृत्ती डेबियनसाठीही आयती मिळाली. तिच्यात चार जीबी माहिती मावायची.

ती जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २०११ ची ११जी एक्सई बघितली. ती फक्त आरपीएम पॅकेजात होती, म्हणजे रेड हॅटच्या घराण्यासाठी. मी ‘एलियन’ वापरून पॅकेज बदललं, नसलेल्या फायली हाताने रचल्या. डेटाबेस सुरू झाला! रात्री अब्बांना फुशारकीने सांगितलं.

अब्बा म्हणाले, “बेटा, उद्या तू आजारी पडलास तर ते फोन कुणाला लावणार?”

चालणं वेगळं आणि कुणीतरी जबाबदारी घेणं वेगळं. प्रत्येक प्रणालीची प्रत्येक आवृत्ती तपासायला खर्च येतो. ग्राहक थोडे असले की कंपन्या तो करत नाहीत. ओरॅकल १९सीच्या लिनक्स यादीतही ओरॅकल लिनक्स, रेड हॅट आणि सुसे आहेत, डेबियन नाही.

आम्ही पोस्टग्रेसक्यूएलवर गेलो. ते डेबियनच्याच भांडारातून येतं, दुरुस्त्याही तिथूनच येतात.

पण अब्बांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता. १९३९ साली औंधच्या राजाने राज्यघटना देऊन कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. मीही किल्ल्या सोडल्या. दोन क्लार्कना बॅकअप परत चढवायला शिकवलं, सगळ्या पायऱ्या मराठीत वहीत लिहून दिल्या.

आता माझा फोन लागला नाही, तरी त्यांचं अडत नाही.