पाचवा बोअर

न्युरेंबर्गला ऑनसाइट होतो, तेव्हा ऑफिसातल्या एका तुर्की मित्राने मला ओढतच फिल्म फेस्टिव्हलला नेलं. तुर्की आणि जर्मन सिनेमांचा हा महोत्सव तिथे 1992 पासून भरतो. तुर्की म्हटलं की मला आई बघायची ती हिंदीत डब केलेली ‘फेरिहा’ आठवायची, त्यापलीकडे काही नाही. शिवाय त्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नव्हतं. अण्णांनी पाचव्या बोअरसाठी पैसे मागितले होते आणि तीन दिवस मी तो मेसेज वाचून तसाच ठेवला होता.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. चार बोअर घेतले, चारही वेळा नुसता फुफाटा. दरवेळी नवा पाणाड्या येतो, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो, अण्णा खूश. मी त्यांना भूजलाचे नकाशे पाठवतो. ते ‘बघतो’ म्हणतात.

त्या दिवशी लघुपट होते. थिएटरात हशा दोनदा पिकायचा. आधी तुर्की कळणाऱ्यांचा, मग खालची जर्मन अक्षरं वाचणाऱ्यांचा. मी दोघांच्याही मागे. पण पडद्यावर उघडं माळरान आलं की ते आधी हसणारे एकदम गप्प व्हायचे. 1961 साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणायचे. चार पैसे कमवून परत जायचं, असा हिशोब. लाखो लोक राहिले ते राहिलेच. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या निदान पट्टा पडला की घरी तरी येतात.

बाहेर चहा घेताना एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, कुठला तू? म्हटलं, पाणी नसलेल्या गावचा. वडील विहिरीपायी वेडे झालेत. ते हसले आणि म्हणाले, मग जेलानचा ‘अहलात आगाजी’ बघच.

रात्री खोलीवर बघितला. नुरी बिल्गे जेलानचा 2018 चा सिनेमा, तीन तासांहून मोठा. अहलात म्हणजे रानटी नाशपती, वाकडंतिकडं झाड. (पहिला तास मी दोनदा पॉझ केला, खोटं कशाला बोलू.) सिनान शिकून गावी परततो, त्याला लेखक व्हायचंय. बाप इद्रिस शाळामास्तर, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे उडवणारा. सगळं गाव हसतं तरी हा माणूस माळावर विहीर खणतो. पोराला त्याची लाज वाटते. पुढे पोराचं पुस्तक छापून येतं, खपत मात्र नाही. ते मनापासून वाचलेलं असतं फक्त बापाने. आणि शेवटी बाप विहिरीचा नाद सोडतो, तेव्हा तिच्या तळाशी कुदळ घेऊन उभा असतो तो पोरगा.

तिकडे रात्रीचे दोन वाजले होते, म्हणजे गावाकडे साडेसहा. फोन लावला.

“अण्णा, जागा कुठली धरलीय?”

“खालच्या अंगाला, बाभळीपाशी. का रं?”

“व्हिडिओ कॉल लावा. बघू द्या.”

ते चालत निघाले. कॅमेरा उलटा धरलेला. मला आभाळ दिसत होतं, अण्णांची हनुवटी, आणि चपलांचा आवाज.


“दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

“दिसतंय,” मी म्हणालो. “अजून थोडं पुढं जा.”