इंजेक्शन देण्याआधी

पुणे

ती. स्व. काकांस,


गल्लीतल्या मोत्याचा पुढचा पाय खांद्यापासून काढावा लागेल असं डॉक्टर म्हणतात, आणि तीन पायांवर हाल काढत जगण्यापेक्षा त्याला इंजेक्शन देऊन मोकळं केलेलं बरं असं तुमचं मत आहे, हे पत्रातून कळलं. यात निष्ठुरपणा नाही हे मी जाणते. ज्याला त्याचे हाल बघवत नाहीत तोच असं म्हणतो. पण काका, आपण मोत्याच्या जागी माणूस उभा करून विचार करतो आहोत आणि घोटाळा तिथेच होतो आहे. माणसाचा एक पाय गेला की निम्मा आधार जातो. कुत्र्याचं मात्र साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर असतं. पुढचा एक गेला तर राहिलेल्या पुढच्या पायावर निम्म्याच्या जवळपास भार येतो, बाकीचा मागचे दोघे वाटून घेतात. तो पाय कुत्रा छातीच्या मध्याकडे आणून टेकवतो, मागचे पाय पोटाखाली पुढे घेतो आणि पाऊल टाकताना मान वर उडवतो. ती उडणारी मान पाहून आपलं काळीज हलतं, पण ते कण्हणं नव्हे, तोल सांभाळणं आहे. अशा कुत्र्याला धावणं त्या मानाने सोपं जातं. हळूहळू चालणं आणि एका जागी ताटकळत उभं राहणं जड जातं. मागचा पाय गेला असता तर काम आणखी हलकं झालं असतं, हे मान्य. तरी पुढचा गेला म्हणून सगळं संपलं असं होत नाही.

शिवाय मोत्या आज चार पायांवर चालत नाहीच. तुमच्या वर्णनावरून त्याचा पंजा उलटा पडतो आणि पाय नुसता लोंबतो. तुमच्या नवीन जालन्याच्या रस्त्यांवर भंगाराचे ट्रक आणि सळयांच्या गाड्या यांची ये-जा थांबत नाही, त्यामुळे गाडीच्या धडकेने कुत्र्याचा पाय असा निकामी होणं तिथे नवं नसणार. धडकेत पाय जोरात ओढला गेला की काखेतून पायात जाणाऱ्या नसांचा जुडगा थेट मज्जारज्जूपाशी उखडतो. हाड शाबूत राहतं, बाहेरून जखमही फारशी दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, पाय तर आहे, कापता कशाला? पण उखडलेल्या नसा परत जुळत नाहीत. पंज्याची वरची बाजू डांबरावर घासते, कातडं सोलतं, पुढे हाड उघडं पडतं. जाणीवच नसल्याने कुत्रा ती जखम चाटून, चावून वाढवतो आणि पावसाळ्यात तिच्यात बघता बघता अळ्या पडतात. अशा पायाचा आधार शून्य, ओझं मात्र कायमचं. तो काढला की मोत्याकडून काही हिरावलं जाणार नाही, कारण तीन पायांवर चालणं तो आताच शिकला आहे.

तुम्ही पुरावा मागाल, आणि मागायलाच हवा. अमेरिकेत २००५ ते २०१२ या काळात पाय काढलेल्या ६४ कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ९१ टक्के मालकांना कुत्र्याच्या स्वभावात फरक दिसला नव्हता. ८८ टक्क्यांच्या मते त्याचं जगणं पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्वीसारखं झालं होतं आणि ८६ टक्के म्हणाले, पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घेऊ. यावर सरळ आक्षेप असा की ही माणसं स्वतःच्या निर्णयाला चूक कशी म्हणतील? आक्षेप खरा आहे, आणि केवळ टक्केवारीवर मी विसंबले नसते. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट मालकांच्या समाधानाच्या विरुद्ध जाणारी निघाली: शस्त्रक्रियेच्या वेळी जी कुत्री वजनाने जास्त होती, त्यांचं पुढचं जगणं तितकं चांगलं झालं नाही. सगळेच मन राखायला बोलले असते तर हा फरक दिसला नसता. मोत्यासारखं आपलं गावठी कुत्रं पंधरा-वीस किलोचं, सडपातळ. म्हणजे हे निरीक्षण त्याच्या बाजूने पडतं. दुसरं उदाहरण लुक्काचं. अमेरिकी मरीन दलातल्या या स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्रीचा पुढचा डावा पाय २०१२च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानात गेला. दहा दिवसांत ती चालू लागली, आणि २०१६ साली तिला प्राण्यांच्या शौर्यासाठीचं ब्रिटनचं डिकिन पदक मिळालं. तिच्या दिमतीला लष्करी डॉक्टर होते हे मी विसरत नाही. पण चालायला औषधाने नव्हे, तिच्या अंगानेच शिकवलं.

मला खरा अडवणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तुम्ही तो लिहिला नसला तरी तुमच्या मनात असणार: ही सगळी घरातली कुत्री, मोत्या रस्त्यावरचा. गाडीपुढून त्याला पटकन हटता येईल का? दुसऱ्या गल्लीतली कुत्री अंगावर आली तर? याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. त्याच्यासाठी कोणीच जबाबदार नसेल तर माझा युक्तिवाद तिथेच कोसळतो, हे मी कबूल करते. पण मोत्याला तुमच्या ओट्यावर रोज भाकरी मिळते. तो रात्री तुमच्या फाटकाच्या आत झोपला, त्याची नसबंदी झाली आणि रेबीजची लस टोचली गेली, तर भटकणं आणि भांडणं दोन्ही कमी होतील. आणि कायद्याच्या अंगानेही पाहा. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्याला दयामरण आहे ते असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी असलेल्याला, तेही नेमलेल्या पथकाने तपासून तसं ठरवल्यावर. ज्याचा एक पाय निकामी झाला आणि जो भाकरी पाहून शेपूट हलवतो, तो या दोन्हींत बसत नाही.

कृत्रिम पायाचं तुम्ही विचारलंत. जयपूरचे डॉ. तपेश माथूर जनावरांना असे पाय बसवतात. पण त्याला खाली पुरेसा खुंट उरावा लागतो. मोत्याच्या पायात खुंट ठेवला तर तोही बधिर, तोही जमिनीवर आपटून सोलणार. म्हणून पाय वरूनच काढतात.

मात्र दोन गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. बोटं चिमट्याने जोरात दाबल्यावर मोत्या वळून बघतो का, ओरडतो का? नुसता पाय मागे ओढला तर ती जाणीव धरू नका. जाणीव असेल तर नसा फक्त ताणल्या गेल्या असतील आणि काही आठवडे पंजा बांधून थांबायला हरकत नाही. आणि दुसऱ्या खांद्याचा, कोपराचा एक्स-रे काढला का? तिथे मार असेल तर सगळा भार त्याच पायावर टाकता येणार नाही, आणि तेव्हा तुमचं म्हणणं मी पुन्हा विचारात घेईन. पाय काढल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस वाईट जातील. तो कण्हेल, धडपडेल, गेलेल्या पायाच्या जागी ठणकाही लागू शकतो. त्या दिवसांत निर्णय चुकला असं काकूंना वाटेल, त्यांना आधीच सांगून ठेवा. वेदनेचं औषध डॉक्टर देतील तेच. घरातली आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला विषासारखी असते. टाके निघेपर्यंत उड्या नकोत, जिना नको. ओसरीच्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरा, कारण घसरून तो उरलेला खांदा दुखावून घेईल. आणि लाडाने भाकरी वाढवू नका. तीन पायांवर वाढलेलं प्रत्येक किलो सांध्यांना भारी पडतं आणि म्हातारपणी संधिवात लवकर गाठतो.

तिथे शस्त्रक्रियेची सोय होत नसेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे. न्यायचं ठरलं तर गाडीभाडं आणि औषधांचा खर्च माझ्याकडे. तुम्ही फक्त त्याच्यासोबत बसायला कोणीतरी बघा. चिमट्याच्या तपासणीत काय निघालं ते कळवा.

काकूंना नमस्कार.

आपली,
सुनीता