निळ्याचा हट्ट

घरच्या इलेक्ट्रिक भट्टीवर काम करणाऱ्यांत एक समजूत घट्ट बसली आहे: ग्लेझला (भांड्यावरच्या काचेच्या थराला) केसासारखे तडे गेले, म्हणजे भट्टी लवकर उघडली. घाईने झाकण उचललं तर भांडी फुटतात, हे खरंच. पण पूर्ण निवल्यावर काढलेला, निर्दोष दिसणारा मगसुद्धा चार दिवसांनी फळीवर बसल्या बसल्या ‘टिंग’ करतो, आणि त्यावर शाई चोळून पुसली की सगळं जाळं उमटतं. तिथे भट्टीचा काय संबंध? थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसू पाहतं. मातीला चिकटलेलं असल्याने त्याला ते जमत नाही, आणि काच ताण सोसत नाही. अंगापेक्षा तोकडा सदरा सावकाश घातला तरी उसवायचा तो उसवतोच. दोष ग्लेझच्या कृतीत असतो, आणि बहुतेक वेळा सोड्यात, कारण त्यानेच ग्लेझ जास्त आकसतं.

मग सोडा कमी करा, असं कुणीही सांगेल. अडतं ते निळ्यापाशी. तांब्याचा फिरोजी निळा भरपूर सोड्याच्या ग्लेझमध्येच खुलतो. सोडा काढून बोरॉन वाढवला की रंग हिरव्याकडे झुकतो. शिशाच्या ग्लेझमध्ये तर तेच तांबं सरळ हिरवं होतं. राहता राहिली गारगोटीची पूड, आणि ती फार मजेशीर चीज आहे. ग्लेझमध्ये ती वितळून काच होते, आणि ही काच फारच कमी आकसते. मातीत मात्र तिचे कण न वितळता स्फटिकच राहतात आणि 573 अंशांखाली उतरताना एकदम आकसून सगळ्या भांड्याला आवळून घेतात. म्हणजे ग्लेझमध्ये घाला नाहीतर मातीत, तडे कमीच होतात. फरक एवढाच, की ग्लेझमध्ये वाढवली तर ते वितळायला जड जातं आणि सोड्याचं प्रमाण घटल्याने निळाही फिकटतो. मातीत वाढवली तर रंगाला धक्का लागत नाही.

जुन्या कारागिरांनी नेमकी हीच वाट धरली होती. इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने 1301 मध्ये लिहून ठेवलेल्या भांड्याच्या मातीच्या कृतीत दहा भाग गारगोटी, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती आहे. जयपूरच्या ब्लू पॉटरीचं अंगही मुख्यतः गारगोटीचंच. निळा हवा म्हणून त्यांनी मातीच बदलली. आपण दुकानातून तयार मातीची पिशवी आणतो, तिच्यावर वाटेल तो निळा चढवतो आणि वर भट्टीला बोल लावतो.

यावर सुंग काळातल्या चिनी भांड्यांचा दाखला हमखास येतो: त्यांचे तडे तर संग्रहालयात मिरवतात! मिरवतात, कारण ते बहुतेक मुद्दाम आणलेले होते. आपल्याकडे मात्र तडा आधी जातो आणि ‘वाबी-साबी’ची, म्हणजे उणिवेतल्या सौंदर्याची, चिठ्ठी मागाहून लागते. ही फॅशन मला सोसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्टोनवेअर पक्कं भाजलं की पाणी झिरपत नाही, मग तडा नुसता दिसण्यापुरता. तसं नाही. मातीने किंचित आवळून धरलेलं ग्लेझ भांड्याला बळ देतं. ताणलेलं, तडकलेलं ग्लेझ त्याला कमजोर करतं. शिवाय लोणच्याची बरणी घ्या. मीठ आणि आंबटपणा सोड्याच्या ग्लेझमधलं तांबं सोडवून घेतात, आणि तड्यांमुळे त्यांना शिरायला वाटाही मिळतात.

तरीही निळा सोडवत नाही. प्रदर्शनात लोक आकारासाठी थांबत नाहीत, रंगासाठी थांबतात, आणि त्या थांबण्याची चटक मला आहे. यावर सुचवला जाणारा तोडगा म्हणजे आत कमी सोड्याचं पांढरं ग्लेझ आणि निळा फक्त बाहेर. तांब्याचा प्रश्न त्याने सुटतो. पण मग आतल्या-बाहेरच्या ग्लेझचा ताण वेगवेगळा होतो, आणि भिंत पातळ असली तर वाडगा काठापासून बुडापर्यंत सरळ दुभंगू शकतो.