खालच्या आजी आणि रविवारचा टीव्ही

परवा रविवारी इंग्लंडहून भाचीचा फोन आला. गप्पा मारता मारता म्हणाली, "मावशी, बाहेर धो धो पाऊस आहे. घरात चार माणसं आणि चार खोल्यांत चार पडदे चालू आहेत. तुमच्या वेळी रविवारी काय करायचात गं तुम्ही इथे?" मी म्हटलं, "टीव्हीच बघायचो. पण एकच होता, आणि तोही आमचा नव्हता." ती हसली आणि विषय बदलला. माझ्या डोक्यातून मात्र तो रविवार काही जाईना. म्हटलं, लिहूनच काढावं.

तर मंडळी, ही गोष्ट १९७५ सालची. लग्नानंतर मी मिरजेहून थेट वुल्व्हरहॅम्प्टनला गेले. हे तिथल्या एका रुग्णालयात सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर होते. एका विधवा बाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मालकीणबाई सत्तरीच्या. खाली राहायच्या. आईला पत्रात त्यांचं नाव लिहीत बसण्यापेक्षा मी 'खालच्या आजी' असं लिहायला लागले आणि तेच नाव पडलं.

माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं. कागदावरचं इंग्रजी यायचं, पण तिथल्या माणसांच्या तोंडचं इंग्रजी म्हणजे वेगळीच भाषा. दुकानात गेलं की बोट दाखवायचं आणि पैसे पुढे करायचे. त्यात रविवार आला की अंगावर काटा यायचा. तेव्हा इंग्लंडात रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद असत. (कायदा बदलला तो १९९४ साली.) रस्त्यावर चिटपाखरू नाही. यांची ड्युटी असली तर मी, गॅसचा हीटर आणि त्यात नाणी टाकायचा मीटर. नाणी संपली की थंडी!

टीव्ही मी तोवर पाहिलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं, पण ते मुंबईकरांसाठी. आमच्या मिरजेत रेडिओच. खालच्या आजींकडे मात्र रंगीत टीव्ही होता. बीबीसीची दोन आणि आयटीव्ही, अशी तीनच चॅनेल. रात्री टीव्ही बंद केला की पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका राहायचा आणि हळूहळू विझायचा. मी तो ठिपका विझेपर्यंत बघत बसायचे.

पहिल्या काही दिवसांतली गोष्ट. रविवारी सकाळी खालून ठक ठक आवाज आला. आजी काठीने छतावर ठोकत होत्या. मला वाटलं, आमच्या पावलांचा त्रास होतोय. घाबरत घाबरत चौदा पायऱ्या उतरून खाली गेले, तर त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर कुणीतरी चक्क हिंदुस्तानीत बोलत होतं! 'नई ज़िंदगी नया जीवन' नावाचा तो कार्यक्रम. आपल्याकडून तिकडे गेलेल्या लोकांसाठी बीबीसी तो १९६८ पासून बर्मिंगहॅमहून करत असे. १९८२ पर्यंत चालला. महेंद्र कौल त्यात बोलायचे. मुलाखती, माहिती आणि गाणं. गाणं सुरू झालं आणि माझे डोळे भरून आले. मला हिंदी काही मातृभाषेसारखी नाही, पण महिनाभर यांच्याशिवाय कुणाचं बोलणं मला धड कळलंच नव्हतं. आजी काही न बोलता चहा ओतत होत्या. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत बसल्या.

तेव्हापासून दर रविवारी ठक ठक. मग सगळा दिवसच तिथे जायला लागला. दुपारी जेवणात त्यांचं मांसाचं रोस्ट असे. मी शाकाहारी, हे कळल्यावर त्यांनी माझे बटाटे वेगळ्या ट्रेमध्ये तेलात भाजायला सुरुवात केली. त्या छोट्या ट्रेला दुसरं काही लागू द्यायच्या नाहीत. सोवळं म्हणजे आणखी काय असतं हो? मी खाली जाताना कधी चिवडा, कधी शंकरपाळे न्यायची. चिवड्यातल्या मिरच्या त्या ओळीने बशीच्या काठावर मांडून ठेवायच्या.

दुपारी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असे. गव्हाचे भाव, गाई, पाऊस. पुढे आपल्याकडे 'आमची माती आमची माणसं' बघताना मला त्याची फार आठवण यायची. उन्हाळ्यात बीबीसी टू वर रविवारचं क्रिकेट. चाळीस षटकांची ती स्पर्धा १९६९ पासून चालू होती, म्हणजे पहिल्या विश्वचषकाच्याही आधीपासून. आपला फारुख इंजिनिअर लँकेशायरकडून आणि बेदी नॉर्थॅम्प्टनशायरकडून खेळायचा. हे घरी असले की तेही खाली येऊन बसत. इंजिनिअर दिसला की आजींना ऐटीत सांगत, "हा आमच्या मुंबईचा." आम्ही मिरजेचे, पण इतक्या लांबून मुंबईही आपलीच वाटते!

संध्याकाळी सव्वासहा ते सुमारे साडेसात ही वेळ देवाची. लोकांनी टीव्हीपायी चर्च चुकवू नये म्हणून त्या वेळात बीबीसी वन आणि आयटीव्ही दोन्हीकडे धार्मिक कार्यक्रमच असायचे, असा तिथे दंडक होता. बीबीसीवर 'साँग्ज ऑफ प्रेज'. १९६१ पासून चालू असलेला. दर आठवड्याला वेगळं चर्च आणि तिथे जमलेली साधी माणसं गाताहेत. नवरा गेल्यापासून आजी चर्चमध्ये जात नव्हत्या, पण टीव्हीबरोबर गायच्या. आवाज थरथरता, पण सूर पक्का. मला आमच्या घरच्या गुरुवारच्या भजनाची आठवण यायची. मी त्यांना ताल धरायची.

पूर्वी 'फोर्साइट सागा' नावाची मालिका १९६८ साली रविवारी रात्री पुन्हा लागायची, तेव्हा म्हणे काही पाद्र्यांनी संध्याकाळची प्रार्थनाच अलीकडे घेतली होती. हे त्या हसत हसत सांगायच्या. आमच्या वाट्याला आली ती 'पोल्डार्क'. ऑक्टोबर १९७५ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या युद्धावरून परतलेला एक तरुण, कॉर्नवॉलचा समुद्र, बंद पडलेल्या खाणी. सकाळी मला कळायचं आणि त्यांना नाही. रात्री त्यांना कळायचं आणि मला नाही. त्या एकेक वाक्य सोपं करून सांगायच्या. माझं इंग्रजी सुधारलं ते तिथे, वर्गात नव्हे.

आणि आयटीव्हीवर 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'. लंडनमधलं एक श्रीमंत घर, वर मालक आणि तळघरात नोकर-चाकर. १९७१ साली सुरू झालेल्या या मालिकेचे शेवटचे भाग त्या वर्षी रविवारी रात्री लागत होते. रोझ नावाची मोलकरीण होती त्यात. तिचं काम करणाऱ्या जीन मार्श यांनाच ही मालिका आधी सुचलेली, त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणीला, आयलीन ॲटकिन्सना. आजी म्हणायच्या, "आपल्या घरात उलटं आहे. मालकीण खाली!" लग्नापूर्वी त्या स्वतः एका मोठ्या घरात कामाला होत्या. पडद्यावर चांदीची भांडी घासताना दाखवली की त्या लगेच म्हणायच्या, "असं नाही घासत!" शेवटचा भाग नाताळच्या आधी होता. "तो आपण दोघींनी मिळून बघायचा," असं आमचं ठरलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यांनी टीव्ही भाड्याने आणला. तेव्हा तिथे बरेच लोक टीव्ही विकत न घेता भाड्यानेच घेत. आमचा कृष्णधवल. त्या वर्षी रंगीत टीव्हीचा परवाना १८ पौंड होता आणि कृष्णधवलचा ८ पौंड, म्हणून कृष्णधवल. आपलं स्वतःचं काहीतरी आलं याचा मला इतका आनंद झाला! आपल्या खोलीत, आपल्या पांघरुणात, मराठीत मोठमोठ्याने बोलत बघायचं. त्या रविवारी खालून ठक ठक झालं, तेव्हा मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "आमच्याकडे आलाय आता!" पुढच्या रविवारी ठोकलंच नाही त्यांनी.

२१ डिसेंबरला शेवटचा भाग होता. आमच्याकडे बर्मिंगहॅमची दोन मराठी कुटुंबं आली होती. मसालेभात, हसणं-खिदळणं, पाय ठेवायला जागा नाही. कार्यक्रमाची वेळ झाली आणि खालून ठक ठक आलं. हळू, दोनदाच. मला ऐकू आलं. ठरलेलं आठवलंही. पण पाहुणे होते, ताटं वाढायची होती... आणि खरं सांगायचं तर त्या गोऱ्या आजींशी इंग्रजीत बोलायचा त्या दिवशी कंटाळा आला. आजींना वर बोलवावं हे तर सुचलंही नाही. मी गेले नाही.

शेवटी ते घर विकायला निघतं. सगळे निघून जातात आणि रोझ एकटी रिकाम्या खोल्यांतून फिरते. तिला जुने आवाज ऐकू येतात. आमची मंडळी एकदम गप्प झाली, तेव्हा मला खालून तेच आवाज ऐकू आले. तोच कार्यक्रम, तेच शब्द, खाली एक बाई एकटी आणि वर आम्ही सात जण.

दुसऱ्या दिवशी मी चिवडा घेऊन खाली गेले. त्या म्हणाल्या, "छान होता ना?" मी "हो" म्हटलं. बस्, एवढंच. त्यांची खुर्ची होती तिथेच होती आणि शेजारी माझीही.

जानेवारीत यांची नेमणूक संपली आणि आम्ही दुसऱ्या गावी गेलो. निघताना त्यांनी तो बटाट्याचा ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा तुझाच," म्हणाल्या. काही वर्षं नाताळला कार्डं यायची. मग थांबली.

पुढे आम्ही मिरजेला परतलो, मी शाळेत लागले. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं आणि आमचं घर भरायला लागलं. शेजारच्या काकू सगळ्यात आधी यायच्या, आंघोळ करून, हातात फुलं घेऊन. मी त्यांच्यासाठी पाट ठेवायची. काही महिन्यांनी त्यांच्या मुलाने टीव्ही घेतला आणि काकू यायच्या थांबल्या. चांगलीच गोष्ट होती. पण दोन-तीन रविवार तो पाट मी मांडला आणि मग उचलून ठेवला. उचलताना मला ती खालची खुर्ची आठवली. बारा वर्षांनी!

पुढच्या रविवारी मीच उठले. यांना म्हटलं, "पाहुण्यांना चहा तुम्ही द्या," आणि शेजारी गेले. सून माहेरी, मुलगा बाहेर. काकू एकट्याच टीव्हीपुढे हात जोडून बसल्या होत्या. मला बघून सरकल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस बाई. एकटीला बघवत नाही गं." काकू होत्या तोवर दर रविवारी थोडा वेळ तरी मी तिकडे जात राहिले.

मी गेले नाही हे खालच्या आजींना मी कधीच नीट सांगितलं नाही. पत्रात लिहायला घेतलं होतं एकदा. इंग्रजीत कसं लिहायचं ते कळेना, म्हणून राहिलं. आता इंग्रजी येतं, पण पत्ता उरला नाही.

तो ट्रे अजून आहे. काळा पडलाय. भाचीला म्हटलं, "तुझ्याकडे पावसाचा रविवार असला की एक पडदा ठेव, बाकीचे बंद कर आणि बटाटे भाज." ती म्हणाली, "मावशी, कुणी ऐकणार नाही." मी म्हटलं, "काठीने ठोकून बघ."